फळीबाहेर

ताईने मॅच मध्येच थांबवली. बटण दाबलं आणि स्क्रीनवरचं सगळं होतं तिथे गोठलं. आमच्या खेळात हे कुणी करत नाही. स्पर्धेत केलं तर दंड म्हणून आपला एक जीव सोडून द्यावा लागतो, कारण ऐन मारामारीत थांबवलं की समोरच्याची लय तुटते, आणि ताईने हा नियम घरातसुद्धा लावून ठेवला होता. दूध उतू जावो, दारावरची बेल वाजो, फोन कोकलत राहो, मॅच थांबवायची नाही. एकदा खालच्या मजल्यावरचे आजोबा जिन्यात घसरले तेव्हा ती कंट्रोलर टाकून धावली, त्यांना उचलून, पाणी पाजून, घरात पोचवून आली, आणि मधल्या वेळात मी तिच्या खेळाडूचे उरलेसुरले जीव घेऊन टाकलेत हे बघून म्हणाली, शहाणा आहेस. ती थट्टा नव्हती. अशी ही बाई, आणि त्या रविवारी दुपारी तिने मॅच थांबवली, तीही स्वतः जिंकत असताना. वाटलं, तिचा दुखरा डावा अंगठा फार सणकला असेल. पण ती अंगठ्याकडे बघत नव्हती. तिने टेबलावरचा चष्मा डोळ्यांवर चढवला, खुर्ची पुढे ओढली आणि त्या गोठलेल्या चित्राकडे बघत बसली. कापडाच्या ताग्यात दोष शोधताना ती अशीच बघते. चित्रात तिचा खेळाडू, पाणबुड्या, फळीच्या बाहेर, बराच खाली, हवेत लोंबकळत होता. आणि माझा पोस्टमन फळीच्या कडेला उभा होता. पिशवी खांद्याला, हात खाली सोडलेले, नुसता उभा.

"किती दिवस चाललंय हे?" ताई म्हणाली.

"काय?" मी म्हणालो.

तिने मॅच पुन्हा चालू केली आणि पाणबुड्याला तसंच खाली पडू दिलं, थांबवल्याचा दंड म्हणून. मग उरलेली मॅच खेळली आणि जिंकली, कारण मला काय करावं तेच सुचेना. कंट्रोलर टेबलावर ठेवून तिने त्याची तार नीट गुंडाळली आणि चहा आज तू टाक असं सांगून गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी गॅसपाशी उभा राहून उकळणाऱ्या पाण्याकडे बघत होतो आणि मला स्वच्छ कळत होतं की ती काय विचारत होती ते मला स्वच्छ कळलं आहे.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो पोरखेळ वाटतो. ऑफिसात कुणी विचारलं तर मी या वयात पटवत बसत नाही, दमलो त्याला. पोकळीत टांगलेली एक फळी असते. तिच्यावर दोघं मारामारी करतात. मार खाऊन इथे कुणी मरत नाही, फक्त जितका मार जास्त खाल्ला तितका माणूस पुढच्या फटक्याला लांब उडतो. उडून फळीच्या बाहेर गेला की त्याला परत यायचं असतं. एक उडी, मग हवेतच दुसरी उडी, मग ज्याची त्याची काही खास युक्ती. परत आला तर वाचला, नाही आला तर एक जीव गेला. म्हणजे मारणं हा अर्धाच खेळ. खरा खेळ परत येण्याचा आणि परत येऊ न देण्याचा. बाहेर फेकलेल्या माणसाच्या मागोमाग जो स्वतः फळी सोडून पोकळीत उडी टाकतो आणि त्याला वाटेतच गाठतो तो जिंकतो. जो कडेवर उभा राहून, येईल तेव्हा बघू म्हणतो, तो फार दिवस टिकत नाही.

ताईचा पाणबुड्या जुन्या काळातला, शिशाचे बूट, पितळी टोप, हातात साखळीचा गळ. हळू म्हणजे किती हळू, तो वळेपर्यंत समोरचा दोन फटके मारून जातो. स्पर्धेच्या हॉलमधली पोरं त्याला हात लावत नाहीत. ताईने मात्र पहिल्याच दिवशी त्याला उचललं, म्हणाली, हा घाई करत नाही, मला आवडला. तिने त्याला जे काही बनवलं ते पुस्तकात लिहून ठेवावं असं. त्याला पळवायचं नाही, फळीच्या मध्यावर पाय रोवून उभं करायचं आणि समोरच्याला आपल्याकडे येऊ द्यायचं. गळ जवळून मारला तर गुदगुल्या, टोकाने लागला तर माणूस आडवा, म्हणून हातभर अंतर राखायचं, आणि समोरचा पुढे आला की आपण अर्धं पाऊल मागे. बाहेर फेकलं गेलं तर दुसरी उडी लगेच खर्चायची नाही. भीती वाटते तेव्हा हात आपोआप उडी मारतो, तो हात आवरायचा. खाली जाऊ द्यायचं, अजून खाली, समोरच्याला वाटलं पाहिजे की हा गेला, मग उडी, आणि अगदी शेवटी गळ फेकून कड पकडायची. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, फटका बसतो त्या निमिषात डाव्या अंगठ्याखालची दांडी आतल्या बाजूला वळवायची. तेवढ्याने उडण्याची वाट वाकते, माणूस सरळ बाहेर जायचा तो कुठेतरी आडवळणाने जातो आणि वाचतो. कडेजवळ फटका बसला आणि अंगठा नेमका वळला तर फळीच्या जाड, भिंतीसारख्या बाजूला आपटून, तिथूनच उसळून परत वर येता येतं. ताई शेकडो वेळा तशी वर आलेली मी पाहिली आहे. हॉलमध्ये म्हण पडली होती, आत्या मरत नाही. हॉलमधली सगळी पोरं तिला आत्या म्हणतात. त्या हिशेबाने आत्याचा भाऊ म्हणजे मी त्यांचा बाप लागतो, पण तेवढा मान मला आजवर एकानेही दिलेला नाही.

गेल्या वर्षी कधीतरी आत्या मरायला लागली. पूर्वी ज्या माराला ती हसत परत यायची त्या माराला ती सरळ रेषेत उडून जायला लागली. आधी वाटलं, दमली असेल, सीझनचं काम आहे, शाळांच्या गणवेशांची कापणी म्हणजे त्या दिवसांत तिला मान वर करायला सवड नसते. मग एकदा बघितलं, ती बरणीचं झाकण कापडात धरून कोपराखाली दाबून उघडत होती. मग दाराची किल्ली डाव्या हातातून उजव्या हातात गेली. मग शर्टाची बटणं गेली आणि चेनचे कपडे आले. ती बोलली काहीच नाही आणि मीही कानाडोळा केला, आमच्या घरात दुखणं सांगायची पद्धत नाही, बघणाऱ्याने बघावं. आणि मग एका दुपारी खेळताना ती बाहेर फेकली गेली, पाणबुड्या खालून धडपडत वर येत होता, मी उडी टाकायला हवी होती, आणि माझा हात थांबला. ठरवून नाही. दया वगैरे काही मनात आलं असंही नाही. हात थांबला एवढंच, आणि ती वर आली, आणि पुढच्या फटक्यात तिने मला उडवलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवलं नाही आणि बघत राहावंसंही वाटलं. तेव्हापासून पोस्टमन कडेवर उभा राहायला लागला. हळूहळू मी त्यातही सफाई आणली. उगाच एखादी हूल द्यायची, उडी मारल्यासारखं करून मागे यायचं, चुकल्यासारखं करायचं. मला वाटायचं, मी फार हुशारीने करतो आहे.

मी कामही असलंच करतो. शहरातल्या लिफ्ट अडकल्या की लोक आतलं बटण दाबतात आणि ते बटण माझ्या कानात वाजतं. मी म्हणतो, घाबरू नका, आमचा माणूस निघालाय. पुष्कळदा माणूस निघालेला नसतो. तो दुसऱ्याच टोकाला कुठल्यातरी इमारतीत तेलाने माखलेल्या हातांनी दोर बघत असतो, पण निघालाय म्हटलं की लोक शांत होतात, आणि शांत माणूस हवा कमी खातो असं आम्हाला शिकवताना सांगितलं होतं. खरं खोटं देव जाणे. दिवसभर निघालाय निघालाय म्हणून संध्याकाळी माझा घसा बसलेला असतो. लग्न मोडून मी ताईकडे राहायला आलो तेव्हाही बायकोची तक्रार हीच होती की तुझ्याशी भांडताच येत नाही, तू आपला हो हो म्हणून माणसाला गुंडाळून ठेवतोस. ताईने त्यावर काहीच विचारलं नव्हतं. तिने माझी बॅग उचलून आतल्या खोलीत ठेवली, कपाटातून दुसरा कंट्रोलर काढला आणि म्हणाली, बस.

चहा घेऊन मी गॅलरीत गेलो. ताईने कप उजव्या हाताने घेतला. खाली समोरच्या इमारतीचा रखवालदार मोटारी धूत होता, आम्ही दोघं ते बघत राहिलो, जसं काही त्यात बघण्यासारखं फार होतं. काही महिन्यांपूर्वी ताईच्या अंगठ्यासाठी गेलो होतो ती डॉक्टरबाईंची खोली मला आठवत होती. टेबलावर हाताच्या हाडांचा प्लास्टिकचा नमुना होता, आणि डॉक्टरबाई त्यातला अंगठा हलवून दाखवत होत्या. बुडाचा सांधा झिजलाय, तो आता दोन्ही हाडं जोडून पक्का करून टाकायचा, म्हणजे दुखणं जाईल, पकड परत येईल. फक्त अंगठा मग गोल फिरणार नाही, एका जागी उभा राहील. ताईने विचारलं, कामाचं काय. डॉक्टरबाई म्हणाल्या, काम होईल, उलट जास्त चांगलं होईल, हात घसरणार नाही. मग ताईने विचारलं, आणि खेळायचं. डॉक्टरबाईंना वाटलं पत्ते किंवा तसलं काही, त्यांनी सांगितलं, अंगठा फिरवायचं काम सोडून सगळं जमेल. आत्ता भागत असेल तर घाई नाही, तुम्ही ठरवा. ताई माझ्याकडे बोट करून म्हणाली, "भागतंय हो. ह्याला अजून हरवते मी."

डॉक्टरबाई हसल्या. मीही हसलो. मी शेजारच्याच खुर्चीवर बसलो होतो, तोंड उघडायला मला कुणी मनाई केली नव्हती. पण मी त्या प्लास्टिकच्या हाताकडे बघत राहिलो आणि ताईने ऑपरेशन पुढे ढकललं.

त्यानंतर एकदा ती चष्मा घरी विसरली म्हणून मी तिच्या कारखान्यात गेलो होतो. कापणीच्या लांबलचक टेबलावर निळ्या कापडाचे थरावर थर रचलेले, वर खडूच्या रेघा, आणि ताई उजव्या हाताने उभ्या पात्याचं मशीन ढकलत होती. ते पातं अख्खा गठ्ठा लोण्यासारखा कापत जातं. डाव्या हातात लोखंडी जाळीचा हातमोजा घालून पात्याच्या पुढचं कापड दाबून धरायचं असतं, अंगठा आणि बोटं पसरून, जरा हललं की सगळा गठ्ठा वाया. तिचा हातमोजा घातलेला हात बाजूला मोकळाच होता. कापड तिने कोपराने दाबून धरलं होतं. वाकून, जवळजवळ टेबलावर झोपून, आणि पातं कोपराच्या शेजारून जात होतं. जाळीचा हातमोजा कोपराला नसतो. मी दारातच उभा राहिलो, हाक मारली तर ती दचकेल या भीतीने, मशीन बंद होईपर्यंत श्वास धरून. मग चष्मा दिला. ती म्हणाली, जेवलास का. मी म्हणालो, हो. रस्त्यावर येऊन मी एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. आणि तरीही पुढच्या रविवारी पोस्टमन कडेवर उभाच राहिला. हे कसं ते मला सांगता येणार नाही. एकदा सोडलेल्या माणसाला पुन्हा धरायचं म्हणजे आधी सोडलं होतं हे कबूल करावं लागतं, आणि तेवढं बळ माझ्यात कधीच नव्हतं.

गॅलरीत ताई म्हणाली, "आई काय म्हणायची आठवतं?" मला आठवत होतं. आई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातून दमून यायची, पाय वर करून पडायची, आणि आम्ही खेळत असायचो. ताईने पहिल्या पगारातून तो खेळ आणला होता आणि ती मला रोज हरवायची. मी शेंबडा पोर, ती नोकरी करणारी मोठी बहीण, आणि ती मला सुट्टी देत नसे. मी रडायचो, कंट्रोलर आपटायचो. आई म्हणायची, अगं लहान आहे तो, एखादा डाव सोड की. ताई मान न वळवता सांगायची, सोडला तर त्याला कळणार कसं? वर्षानुवर्षं मी हरलो. आणि मग एके दिवशी, माझा आवाज फुटायला लागला होता त्या सुमाराचं, मी तिला हरवलं. पाणबुड्या खाली गेला आणि वर आलाच नाही. मी वाट बघत बसलो, ही आता काहीतरी करेल म्हणून. ताई उठली, चपला घातल्या आणि बाहेर पडली. मला वाटलं रागावली. ती जिन्यातल्या प्रत्येक दारावर जाऊन सांगत होती, भावाने मला हरवलं, खरं हरवलं. मग खाली वाण्याला सांगून आली, इस्त्रीवाल्याला सांगून आली. त्या दोघांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. माझ्या आयुष्यात त्यानंतर ज्या काही चांगल्या गोष्टी झाल्या त्या खऱ्या होत्या की लोकांनी मला बरं वाटावं म्हणून केल्या होत्या, याची मला नेहमी शंका येत आली आहे. त्या एका दिवसाबद्दल कधीच आली नाही.

"आठवतं," मी म्हणालो. ताईने कप कठड्यावर ठेवला आणि आत गेली. तिने आणखी एक शब्द बोलायला हवा होता, मला शिव्या तरी द्यायला हव्या होत्या. त्या आठवड्यात ती नेहमीसारखीच वागली, आणि तेच मला जास्त जड गेलं.

मधल्या एका दिवशी सकाळच्या पाळीत एका बाईचा फोन आला, जुन्या इमारतीतली लिफ्ट, दोन मजल्यांच्या मध्ये. मी माझं नेहमीचं सुरू केलं, घाबरू नका, आमचा माणूस निघालाय. ती बाई म्हणाली, "खरं सांगा. निघाला नसेल तर मी खाली बसून घेते. माझे गुडघे दुखतात, आत्ता येईल म्हणून मी उभीच आहे." मी स्क्रीनवर बघितलं. आमचा माणूस नदीपलीकडे होता. मी म्हणालो, नाही निघाला अजून, वेळ लागेल. बरं झालं सांगितलंत, ती म्हणाली, आणि ती खाली बसली तेव्हाचा पिशवीचा आवाज, कापडाचा आवाज, मग एक मोठा सुस्कारा, सगळं मला ऐकू आलं. मग ती आपल्या सुनेबद्दल बोलत राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि शेजारच्या टेबलावरचा सहकारी विचारत होता, सर्दी झाली का.

शनिवारी दुपारी आम्ही स्पर्धेला गेलो. सायकलच्या दुकानावरचा हॉल, घडीची टेबलं, जमिनीभर वायरींचं जाळं, बंद खिडक्यांत कोंडलेला रबराचा वास. स्पर्धा चालवणारा जाडा पोरगा फळ्यावर जोड्या लिहीत होता. एका घरातले लोक सुरुवातीलाच समोरासमोर येऊ नयेत म्हणून त्यांना लांब लांब टाकायची तिथली रीत आहे, आणि आम्हाला तो नेहमी फळ्याच्या दोन टोकांना टाकतो. त्या दिवशी ताई त्याच्यापाशी गेली आणि म्हणाली, आमची पहिलीच जोडी लाव. तो म्हणाला, आत्या, दोघांतलं एक लगेच बाहेर जाईल. ताई म्हणाली, तेच हवंय. मग माझ्याकडे वळून, सगळ्यांसमोर पण मला एकट्यालाच ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "आज बाहेर ये. नाहीतर मला कधीच कळणार नाही."

खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. लहानपणीही अशाच असायच्या. तिने अंगठ्याला पट्टी गुंडाळली होती, त्वचेच्या रंगाची, लांबून दिसू नये अशी. मॅच सुरू झाली. पाणबुड्याने मध्यावर पाय रोवले, अंतर राखलं, मी पुढे गेलो की अर्धं पाऊल मागे, आणि गळाचं टोक माझ्या छातीत. तिचं डोकं होतं तसंच होतं, तीक्ष्ण, निवांत. मला दोनदा तिने असं उडवलं की मागे उभी असलेली पोरं ओरडली. मग ती बाहेर फेकली गेली. मी उडी टाकली. टाकली, पण उशिरा; ती कड पकडून झाल्यावर मी तिथे पोचलो, अगदी प्रामाणिकपणे प्रयत्न केल्यासारखा. ताईने स्क्रीनवरून नजर हलवली नाही. "हेही तेच," ती म्हणाली. माझे कान तापले. त्यानंतर मी काय खेळलो ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. शेवटी दोघांचा एकेकच जीव उरला आणि तिच्यावर मार बराच चढला होता. मी पिशवी फिरवली, ती लागली, आणि पाणबुड्या सरळ रेषेत बाहेर गेला, अजिबात न वाकता. पण तो जड, म्हणून टिकला. दूर, खाली, शिशाच्या बुटांनी खाली खाली जात होता. भीतीने उडी मारली नाही तिने. तेवढ्यातही नाही. मी कडेवर उभा होतो.

तिथे उभं राहायची मला किती सवय झाली होती ते मला तेव्हा कळलं. पायाखाली फळी, समोर पोकळी, आणि खालून माझी बहीण वर यायची वाट बघत. मला तिचा कोपर दिसला, पात्याच्या शेजारी. मी उडी टाकली. हवेत गेल्यावर सगळं फार हळू झालं. तिनेच शिकवलं होतं, पहिल्यांदा भेटेल तेव्हा मारू नकोस, त्याची उडी संपू दे, उडी संपली आणि गळ निघाला नाही एवढ्या फटीत मार. मी थांबलो, पण या वेळी फळीवर नाही, बाहेर, स्वतः खाली पडत. पाणबुड्याने दुसरी उडी मारली. तो वर येत होता, पितळी टोप माझ्या पायाखाली आला, आणि मी पाय हाणला. फळीची भिंत तिथून हातभर अंतरावर होती. अंगठा वळला असता तर तो भिंतीला आपटून उसळला असता, ताई तशी शेकडो वेळा वर आलेली. तो सरळ खाली गेला. मी कशीबशी दुसरी उडी घेतली, बोटांच्या टोकांनी कड पकडली आणि लोंबकळत राहिलो. स्क्रीनवर माझ्या पोस्टमनचं तोंड मोठं होऊन नाचायला लागलं.

मला ताईकडे बघायचा धीर होईना. मॅच संपली की इथे मुठीवर मूठ टेकवतात. ताई हल्ली मुठीऐवजी कोपर टेकवते, म्हणून मी कोपर पुढे केला. ती उठून गेली होती. ती त्या जाड्या पोराला सांगत होती, ह्याने मला हरवलं, बाहेर येऊन हरवलं. मग शेजारच्या टेबलावर, तिथली मॅच चालू होती तरी वाकून त्यांना सांगितलं. मग दाराशी बसलेल्या कुणाच्या तरी कंटाळलेल्या आईला. त्या बाईने माझ्याकडे बघून मान हलवली, अगदी इस्त्रीवाल्यासारखी. मी वायरींच्या त्या जाळ्यात उभा होतो आणि मला आनंद होत होता, खोटं कशाला बोलू, लहानपणी झाला होता तसाच, आणि त्याच्या मागोमाग एक किडा डोक्यात शिरला. हिने सोडलं तर नसेल? मला सुटका मिळावी म्हणून हिनेच तर अंगठा आवरला नसेल? जो वर्षभर सोडत आला त्याला दुसऱ्याचं न सोडणं ओळखता येत नाही, ही त्याची शिक्षा असावी. पुढच्या फेरीत मला एका दातपडक्या चिमुरडीने धुवून काढलं. ताई माझ्या खुर्चीमागे उभी राहून चुकचुकत होती.

संध्याकाळी बसथांब्यावर आम्ही बाकावर बसलो. ताईने पट्टी सोडली, गुंडाळून खिशात ठेवली, आणि डावा हात मांडीवर उताणा ठेवला. बुडाशी सूज आलेली, अंगठा आत झुकलेला. इतक्या जवळून तो हात मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. ती म्हणाली, मंगळवारी सुट्टी टाक, डॉक्टरबाईंकडे जायचंय. मग म्हणाली, तू बाहेर उडी छान टाकलीस, पण परत येताना दुसरी उडी आधीच घालवून बसलास, नशिबाने कड हाताला लागली. मी हो म्हणालो. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. विचारू नये असं वाटत होतं, आणि विचारल्याशिवाय मी पुढे कधीही तिच्या शेजारी खेळायला बसू शकणार नाही हेही कळत होतं.

"ताई, शेवटच्या फटक्याला अंगठा वळवला होतास का?"

तिने मांडीवरच्या हाताकडे बघितलं.

"वळवला," ती म्हणाली. "वळला नाही."

मग बस आली. चढताना तिने डावा हात माझ्याकडे केला आणि मी तो मनगटाशी धरला, अंगठ्याला धक्का लागू न देता.